इंटरफेस-बांधणीची साधने (व्यवसाय-सॉफ्टवेअर)

बिले, कर-आकारणी, साठा, हजेरी अशा कामांच्या सॉफ्टवेअरमधील फॉर्म, याद्या व अहवाल यांचे पडदे तयार करण्याची प्रोग्रॅमिंग साधने. डेस्कटॉप, वेब आणि मोबाइल असे त्यांचे तीन गट पडतात.

डेस्कटॉप : मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल बेसिक (१९९१), पॉवरसॉफ्टचे पॉवरबिल्डर (१९९१) व बोरलँडचे डेल्फी (१९९५) ही यांतील प्रमुख. यांत चौकटी व बटणे माउसने मांडून त्यांना कोड जोडतात. पॉवरबिल्डरच्या ‘डेटाविंडो’ या एकाच घटकात डेटाबेसमधील नोंदी दाखवणे, बदलणे व साठवणे होते. डेल्फीचा प्रोग्रॅम थेट यंत्रभाषेत उतरत असल्याने वेगाने चालतो. मात्र दुरुस्ती झाली की ती प्रत्येक संगणकावर पोचवावी लागते.

वेब : यात दुरुस्ती सर्व्हरवर एकदाच करावी लागते. फेसबुकने २०१३ मध्ये खुले केलेले रिॲक्ट फक्त पडद्याचा भाग सांभाळते. बाकीचे घटक प्रोग्रॅमर निवडतो. गूगलच्या अँग्युलरमध्ये (२०१६) फॉर्मची तपासणी व पानांची मार्गरचना अंगभूत असल्याने मोठ्या गटाच्या कामात एकसारखेपणा राहतो. व्ह्यू (२०१४) शिकायला त्या मानाने सोपे.

मोबाइल : रिॲक्ट नेटिव्ह (२०१५) व फ्लटर (पहिली स्थिर आवृत्ती २०१८) यांत एकाच कोडमधून अँड्रॉइड व आयफोनची ॲप बनतात. पहिले फोनचे मूळ घटक वापरते, दुसरे आपले घटक स्वतः रेखाटते.

मराठीची सोय : व्हिज्युअल बेसिक ६ चे (१९९८) नेहमीचे घटक युनिकोड जाणत नव्हते. पॉवरबिल्डरमध्ये १० व्या आवृत्तीपासून, डेल्फीमध्ये ‘२००९’ या आवृत्तीपासून युनिकोड आले. त्याआधी विशिष्ट फाँटवर विसंबलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर वाचता येईलच असे नसे. नावे शोधणे व अकारविल्हे लावणेही अवघड जाई. आजचे ब्राउझर देवनागरी अंक व लाख-कोटींचे स्वल्पविराम (१२,३४,५६७) स्वतःच मांडू शकतात.

स्थानिक संदर्भ : महाराष्ट्रात ई-गव्हर्नन्स आधी राबवणाऱ्या महापालिकांत कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची गणना होते. अशा प्रणालीला दोन प्रकारचे वापरकर्ते असतात. नागरी सुविधा केंद्रातील कर्मचारी दिवसभर पावत्या फाडतो. त्याला माउसविना, टॅब व एंटर कळांवर चालणारा फॉर्म लागतो. घरबसल्या मालमत्ता कर भरणाऱ्याला मोबाइलवर मावणारे, मराठीत समजणारे पान हवे असते.

निवड : करनोंदी दशकानुदशके टिकतात, साधने तितकी टिकत नाहीत. व्हिज्युअल बेसिक ६ च्या विकसन-साधनाचा आधार २००८ मध्ये, तर अँग्युलरच्या आधीच्या अँग्युलरजेएसचा २०२१ अखेर संपला. म्हणून करनियम व डेटाबेस पडद्याच्या कोडपासून वेगळे ठेवणारी रचना कोणत्याही साधनात हितावह ठरते.