सहा शिलिंगांचा खाडा

इंग्लंडमध्ये रग्बी दोन आहेत. एक तुम्ही ऐकलेली असेल: पंधरा खेळाडूंची, महागड्या शाळांमधून वाढलेली, आपल्याकडे बॉम्बे जिमखान्यावर साहेबांनी आणलेली. ती रग्बी युनियन. दुसरी तेरा खेळाडूंची, रग्बी लीग. ती साहेबांनी कुठेच नेली नाही, कारण ती साहेबांची नव्हतीच. ती यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या कोळसा खाणींची, गिरण्यांची आणि गोद्यांची. मी या दुसऱ्या रग्बीची माणूस आहे, आणि गेली जवळजवळ पन्नास वर्षं आहे.

पुण्यात हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे ते हेल्मेटवालं?" ते नव्हे. ते अमेरिकन. यात हेल्मेट नाही. समजायला सोपं म्हणून कबड्डी डोळ्यांसमोर आणा. एकजण बॉल छातीशी धरून समोरच्या भिंतीत घुसतो, तीनचार जण मिळून त्याला पाडतात. तो उठतो, बॉल टाचेने मागे सारतो, पुन्हा दुसरा घुसतो. बॉल हाताने पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा. सहा वेळा पाडलं की बॉल समोरच्यांचा. आता यात दोन्हीकडची शंभर किलोची माणसं घाला. बाकी नियम बघता बघता कळतात.

मी सात वर्षांची असताना, १९७६ साली, आम्ही मिरजेहून वेकफील्डला आलो. बाबा डॉक्टर, तिथल्या एका इस्पितळात कॅज्युअल्टीला. शेजारी खाणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. आईने त्यांना पहिल्याच आठवड्यात 'काका' करून टाकलं आणि ते आयुष्यभर काकाच राहिले. दर रविवारी ते वेकफील्ड ट्रिनिटीच्या मॅचला बेल व्ह्यू मैदानावर जात. त्यांच्याबरोबर मी जायला लागले. बाबांना ते पसंत नव्हतं. रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे येणाऱ्या मोडक्या जबड्यांचं आणि निखळलेल्या खांद्यांचं मूळ कुठे आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

या खेळाचा इतिहास मला आधी काकांनी सांगितला, पुस्तकं नंतर आली. काका नेहमी एकाच शब्दापासून सुरुवात करायचे, तो इंग्रजी शब्द शब्दशः 'मोडलेला वेळ' असा होतो. मी बरीच मोठी झाल्यावर, सुट्टीत मिरजेला आजीकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी "आज खाडा झाला, पैसे कापू नका" म्हणाल्या, तेव्हा डोक्यात दिवा लागला. मोडलेला वेळ म्हणजे खाडा. सगळी रग्बी लीग या खाड्यावर उभी आहे.

झालं असं. १८८०-९० च्या काळात उत्तर इंग्लंडमध्ये रग्बी अफाट लोकप्रिय झाली. खेळणारे खाणकामगार आणि गिरणीकामगार. मॅच शनिवारी, आणि शनिवारी अर्धा दिवस तरी काम असायचं. लांबच्या गावी खेळायला जायचं तर पाळी बुडवावी लागे, मजुरी जाई. क्लबांनी म्हटलं, आम्ही पगार देत नाही, निदान बुडालेली मजुरी तरी भरून देऊ. लंडनच्या रग्बी फुटबॉल युनियनचं म्हणणं, खेळ हा खेळासाठी खेळावा; पैसा आला की तो बाटला. असं म्हणायला घरात चूल पेटण्याची काळजी नसावी लागते, हे माझं मत.

२० सप्टेंबर १८९३ रोजी लंडनमध्ये युनियनची सभा झाली. यॉर्कशायरने खाड्याच्या भरपाईचा ठराव मांडला आणि तो २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. तारीख लक्षात ठेवा, कारण काका तिच्याशेजारी नेहमी दुसरी तारीख ठेवत. त्याआधी तेराच दिवस, ७ सप्टेंबरला, वेकफील्डपासून काही मैलांवरच्या फेदरस्टोन गावात, अॅक्टन हॉल खाणीपाशी लष्कराने जमावावर गोळ्या झाडल्या होत्या. मालकांना मजुरी पंचवीस टक्क्यांनी कापायची होती, कामगारांनी नकार दिला, खाणींना टाळी लागली, आणि त्या धुमसत्या दिवसांत दोन माणसं गेली. लंडनच्या सभेत हात वर करणाऱ्यांच्या मनात फेदरस्टोन होतं की नाही, यावर मी काही म्हणणार नाही. पण यॉर्कशायरमधल्या माणसांच्या मनात नव्हतं, असं मला कुणी सांगू नये.

दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ ला, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि फुटून बाहेर पडले. नाव घेतलं नॉर्दर्न युनियन. पहिल्या मोसमात बावीस संघ. खाड्याची कमाल भरपाई: दिवसाला सहा शिलिंग. पहिले सामने झाले ७ सप्टेंबरला, फेदरस्टोनच्या गोळीबाराला बरोबर दोन वर्षं झाली त्या दिवशी. हा योगायोगच, पण काका तो योगायोग म्हणून कधी सांगत नसत.

त्यानंतर नियम बदलत गेले, कारण आता तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाला धरून ठेवायचं होतं. १८९७ मध्ये लाइनआउट गेला. १९०६ मध्ये पंधराचे तेरा झाले आणि पाडलेल्या खेळाडूने उठून टाचेने बॉल मागे सारायची पद्धत आली. १९६६ मध्ये चार टॅकलची मर्यादा, १९७२ मध्ये सहाची. एकाच आईच्या दोन मुलींनी वेगळी घरं करावीत तसे दोन खेळ झाले.

थोरल्या घराने धाकटीचं नाव टाकलं. कुणी एकदा जरी लीग खेळला तरी युनियनचे दरवाजे आयुष्यभर बंद. ब्रिटिश सैन्यात लीगला अधिकृत मान्यता मिळाली ती थेट १९९४ साली. खंदकात मेलेले चालत होते, त्यांचा खेळ चालत नव्हता. दुसऱ्या महायुद्धात ही बंदी थोडी सैल झाली तेव्हा लीगवाल्यांचा संघ युनियनवाल्यांशी, युनियनच्याच नियमांनी, दोनदा खेळला. १९४३ आणि १९४४. दोन्ही वेळा लीगवाले जिंकले. फ्रान्समध्ये तर कहर झाला. तिथे १९३४ पासून लीग झपाट्याने पसरत होती, युनियनवाल्यांच्या पोटात दुखत होतं. जर्मनीपुढे गुडघे टेकलेल्या विशी सरकारने डिसेंबर १९४१ मध्ये हुकूम काढून लीगवर बंदी घातली आणि तिची मालमत्ता जप्त केली. फ्रेंच लीग त्यातून कधीच पूर्ण सावरली नाही.

ऑस्ट्रेलियात मात्र धाकटीचंच राज्य आहे. तिथेही सुरुवात खाड्यानेच. अॅलेक्स बर्डन नावाचा खेळाडू जखमी झाला, कामावर जाता येईना, आणि युनियनने भरपाई दिली नाही. त्यावर चर्चा व्हायची सिडनीतल्या एका खेळाच्या सामानाच्या दुकानात. दुकान कुणाचं? व्हिक्टर ट्रंपरचं. क्रिकेटचं वेड असलेल्या वाचकांना मी आणखी काही सांगत नाही. तो लीगच्या स्थापनेत होता आणि पहिला खजिनदारही.

रंगाच्या बाबतीतही हा खेळ, निदान मैदानावर, इतरांच्या पुढे होता. कार्डिफच्या बंदरवस्तीतला बिली बॉस्टन वेल्सच्या युनियन संघात जागा मिळण्याचं स्वप्न बघत वाढला. शेवटी १९५३ मध्ये उत्तरेला विगनला आला आणि त्या क्लबसाठी ४८८ सामन्यांत ४७८ ट्राय केले. रॉय फ्रान्सिस पन्नाशीच्या दशकात हलचा प्रशिक्षक झाला, कृष्णवर्णीय माणूस ब्रिटनमध्ये कुठल्याच व्यावसायिक संघाचा प्रशिक्षक नव्हता तेव्हा. क्लाइव्ह सलिव्हनने १९७२ मध्ये ग्रेट ब्रिटनचा कर्णधार म्हणून वर्ल्ड कप जिंकला. हे सगळं खरं. स्टँडमधून याच खेळाडूंवर जे ओरडलं जायचं, तेही खरं. मी काकांचा हात धरून उभी असे आणि आजूबाजूच्यांना माझा रंग काकांच्या ओळखीमुळे चालत असे. १९९५ मध्ये फेदरस्टोनचा इक्रम बट इंग्लंडकडून खेळला तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. पाकिस्तानी घरातला मुलगा इंग्लंडच्या जर्सीत. त्या दिवशी आईने शेजारी पेढे वाटले. भारत-पाकिस्तान वगैरे विषय तिने एका दिवसापुरता गुंडाळून ठेवला.

माझा संघ हरण्यात तरबेज आहे. १९६८ ची गोष्ट मी जन्मण्याआधीची, पण ती प्रत्येक वेकफील्डकराला पाठ आहे. वेम्बलीवर चॅलेंज कपची फायनल, धो धो पाऊस, मैदानाचं तळं. शेवटच्या मिनिटाला वेकफील्डने ट्राय केला, गुण १०-११. नेहमी किक मारणारा नील फॉक्स जखमी म्हणून बाहेर, त्यामुळे किक मारायची त्याचा भाऊ डॉन याने. खांबांच्या अगदी समोरून. शाळेतलं पोर मारेल अशी. ती चुकली. डॉन त्याआधीच सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला होता, आणि जिंकलेल्या लीड्सचा प्रशिक्षक होता रॉय फ्रान्सिस. काका त्या दिवशी वेम्बलीवर होते. डॉनबद्दल वाईट बोललेलं ते कुणाचंही खपवून घेत नसत. खाण गावातला मुलगा, सर्वांदेखत चुकला, पुरे झालं, म्हणत.

१९८४-८५ चा खाणसंप झाला आणि हरला. त्याच वर्षी अॅक्टन हॉल खाण बंद झाली. तीच, जिथे १८९३ ला गोळ्या सुटल्या होत्या. क्लब ज्या मजुरीवर चालत, ती मजुरीच गेली. १९९५ मध्ये रूपर्ट मरडॉकच्या टीव्ही कंपनीने आधी ७.७ कोटी, मग ८.७ कोटी पौंड देऊ केले, खेळ हिवाळ्यातून उन्हाळ्यात नेला, आणि सुरुवातीच्या योजनेत वेकफील्ड, कॅसलफर्ड आणि फेदरस्टोन यांचं एकत्रीकरण करून 'काल्डर' नावाचा संघ करायचं ठरवलं. लोक रस्त्यावर आले. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची महानगरपालिका एक करता येते हो, पण गणपती एक करून दाखवा. योजना बारगळली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युनियननेही पैसे देणं कायदेशीर केलं. शंभर वर्षं बाटलेल्यांशी पंगत नाही म्हणणारे स्वतःच ताटावर बसले. माफीबिफी कुणी मागितली नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल लिहिताना हात अडखळतो, ती. रॉब बरो लीड्सचा. म्हणजे माझ्या शत्रूपक्षाचा. उंची पाच फूट पाच इंच, आजूबाजूला डोंगर, आणि हा त्यांच्या पायांतून निसटायचा. डिसेंबर २०१९ मध्ये त्याला मोटर न्यूरॉन डिसीज असल्याचं निदान झालं. त्याचा कर्णधार केव्हिन सिनफील्ड त्याच्यासाठी धावला, सात दिवसांत सात मॅरेथॉन. मे २०२३ च्या लीड्स मॅरेथॉनमध्ये त्याने रॉबला खुर्चीतून उचलून शेवटची रेषा ओलांडली. तो व्हिडिओ तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही असेल. २ जून २०२४ ला रॉब गेला. इकडे अनेक माजी खेळाडूंनी, ज्यांना चाळिशी-पन्नाशीतच स्मृतिभ्रंशाने गाठलंय, खेळाच्या संघटनेवर दावा लावला आहे: डोक्याच्या माराचा धोका ठाऊक असून आम्हाला पुरेसं जपलं नाही. मोडलेल्या वेळेची भरपाई या खेळाने मिळवली. मोडलेल्या मेंदूची कोण देणार, हा प्रश्न आता खेळाच्याच दारात उभा आहे, आणि क्लबांच्या गल्ल्यात फार काही नाही. मला दोन्ही बाजू दिसतात. पण मन खेळाडूंकडे जातं. बर्डनच्या वेळी मी असते तर तिकडेच गेलं असतं.

रॉब गेल्यावर सहा दिवसांनी मी वेम्बलीला होते. वेकफील्ड २०२३ मध्ये वरच्या लीगमधून खाली घसरलेला, त्यामुळे खालच्या संघांच्या फायनलला. त्या कपाचं नावच '१८९५ कप' आहे. आम्ही शेफील्डला ५०-६ ने हरवलं. त्या वर्षाअखेर वरही आलो.

संध्याकाळी घरी फोन केला. बाबा आता ऐंशी ओलांडलेले. मॅच त्यांनी टीव्हीवर पाहिली होती, नेहमीप्रमाणे आवाज बंद करून. स्कोअरचं त्यांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या हाफमध्ये आमचा एक खेळाडू टक्करीनंतर उशिरा उठला होता, उठताना त्याने डावा हात जमिनीला टेकवला होता. "त्याला नंतर परत आत पाठवला का गं?" त्यांनी विचारलं.