रॉयल स्ट्रीट ते पोर्ट-ओ-प्रिन्स

साल २०१०. न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टरमध्ये, रॉयल स्ट्रीटवर तुम्ही उभे आहात. वर लोखंडी नक्षीचे सज्जे, खाली पर्यटकांची गर्दी, आणि हवा अशी दमट की सदरा पाठीला चिकटलाय. कोपऱ्यावर पंचविशीची एक मुलगी चेलो घेऊन बसली आहे. वाद्याची पेटी समोर उघडी, तिच्यात नाणी आणि चुरगळलेल्या नोटा. ती संगीतकार बाखच्या चेलोसाठीच्या रचना वाजवते आहे, ज्या एरवी लोक तिकीट काढून बंद सभागृहात शांत बसून ऐकतात.

तिचं नाव लेला मकॅला. जन्म १९८५, न्यूयॉर्क. आई-वडील हैतीचे. न्यूयॉर्क विद्यापीठात चेलो शिकून ती नुकतीच या गावात राहायला आली आहे आणि रस्त्यावर वाजवून घरभाडं कमावते आहे. नाणं टाकून लगेच पुढे जाऊ नका. ती ज्या गावात बसली आहे त्या गावाच्या रक्तात हैती आहे. पुढच्या दहा-बारा वर्षांत ती जे काही गाईल, ते त्या नात्याच्या शोधात मागे मागे जाणार आहे. तुम्हालाही तिच्याबरोबर जायचं आहे.

रस्ता तोच ठेवा, फक्त दोन शतकं मागे सरका. १८०९ चा उन्हाळा. मिसिसिपीच्या काठाला क्युबाहून आलेली जहाजं लागताहेत. त्यांतून उतरणारे लोक मूळचे सँ-दोमँगचे, म्हणजे आजच्या हैतीचे. १७९१ मध्ये तिथल्या गुलामांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये स्वतःचं स्वतंत्र राष्ट्र उभं केलं. त्या धामधुमीत क्युबात गेलेल्यांना आता स्पेननं हाकललं आहे, कारण नेपोलियननं स्पेनवर स्वारी केली. काही महिन्यांत नऊ हजारांवर माणसं या बंदरात उतरतात: गोरे, स्वतंत्र काळे आणि गुलाम, जवळजवळ एक-एक तृतीयांश. न्यू ऑर्लिन्सची लोकसंख्या बघता बघता दुप्पट होते. शेवटच्या तृतीयांशाकडे नीट बघा. ज्या भूमीवर गुलामी संपली, तिथून निघालेली ही माणसं मालकांबरोबर इथे येऊन पुन्हा गुलामच राहिली. त्यांच्याकडे सामान नाही. बोली आहे, ताल आहे, गाणी आहेत.

दहा वर्षं पुढे या. रविवार दुपार, १८१९. गावाच्या मागच्या अंगाला मोकळं मैदान, पुढे ज्याला काँगो स्क्वेअर म्हटलं गेलं. शेकडो काळी माणसं गोल करून नाचताहेत. बेंजामिन लॅट्रोब नावाचा वास्तुविशारद बाजूला उभा राहून वहीत चित्र काढतो आहे. त्याच्या खांद्यावरून डोकवा. ढोलांच्या शेजारी एक तारवाद्य, बूड भोपळ्याचं, दांडीवर खुंट्या. हा बँजो. गणपतीच्या मिरवणुकीत आपण ऐकतो तो पट्ट्यांचा बँजो वेगळा. हा आफ्रिकेच्या आठवणीतून कॅरिबियन बेटांवर घडलेला.

याचा सख्खा भाऊ पाहायचा असेल तर १८४१ च्या हैतीत चला. गुलामीविरुद्ध लढणारा फ्रेंच माणूस व्हिक्तॉर शोल्शेर इथे फिरतो आहे. परतताना तो भोपळ्याचा, कातडं ताणलेला, चार तारांचा एक बांझा बरोबर नेतो. ते वाद्य पॅरिसच्या संग्रहालयात जातं आणि कोठारात विसरलं जातं. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांना ते पुन्हा सापडलं. तोवर अमेरिकेत सर्वसाधारण समज असा होता की बँजो हे डोंगराळ भागातल्या गोऱ्या शेतकऱ्यांचं वाद्य.

तो समज मोडायला ज्यांनी हात घातला, त्यांच्यातच लेला सामील झाली. कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हा काळ्या तरुण वादकांचा तंतुवाद्यांचा वृंद. नॉर्थ कॅरोलायनातले वृद्ध फिडलवादक जो थॉम्पसन यांच्या घरी बसून ते जुनी चाल शिकले होते. २०१२ च्या ‘लीव्हिंग ईडन’ या त्यांच्या अल्बममध्ये लेलाचा चेलो ऐकू येतो. ती गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडते आणि त्या जाड वाद्यातून बँजोसारखी उडती चाल काढते. पुढे ती स्वतः टेनर बँजोही वाजवू लागली. मला तिच्या वादनातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं: शिक्षण तिनं टाकून दिलं नाही, त्याला कामाला लावलं.

आता १९३१, हैतीच्या उत्तरेकडचं काप-आइसियँ बंदर. रस्त्यात अमेरिकन सैनिक, कारण १९१५ पासून देश अमेरिकेच्या ताब्यात आहे. कवी लँग्स्टन ह्यूज इथे मुक्कामाला आहे. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांपेक्षा तो अनवाणी माणसांत रमतो आणि त्यांच्याबद्दल लिहितो. त्याच्या कविता लेलानं चेलो, गिटार आणि बँजोवर बसवल्या, त्यांच्या शेजारी हैतीची लोकगीतं ठेवली आणि ‘व्हॅरी-कलर्ड साँग्ज’ हा पहिला अल्बम केला. २०१६ च्या पुढच्या अल्बमवर लुइझियानाच्या क्रिओल फिडलवादक कॅनरे फाँतनोचं गाणं आणि हैतीचं ‘फेय-ओ’ एकाच रांगेत बसली. दोन्ही सलग ऐका. १८०९ चं जहाज अजून चालू असल्यासारखं वाटेल. ‘कॅपिटलिस्ट ब्लूज’ २०१९ चा. त्याच वर्षी रियानन गिडन्स, ॲमिथिस्ट काया आणि ॲलिसन रसेल यांच्याबरोबरच्या ‘अवर नेटिव्ह डॉटर्स’ या गटाचा अल्बम आला. चार काळ्या बायका, चौघींच्या हातात बँजो. ते सगळं चांगलंच आहे, पण माझं मन पुढच्या थांब्याकडे धावतं.

त्याआधी तिचं घर बघून घ्या. न्यू जर्सीतलं मेपलवुड, १९९० चं दशक. वडील हैतीच्या निर्वासितांच्या हक्कांसाठी झगडणारी संस्था चालवतात, आई हैतीच्या स्त्रियांवरच्या घरगुती अत्याचारांविरुद्ध काम करते, आजोबा हैती-प्रोग्रे हे निर्वासितांचं डावं वृत्तपत्र काढतात. राजकारण इथे जेवणाच्या टेबलावर असतं. हैतीच्या बातम्या कानावर पडतच मुलगी वाढते.

आणि आता पोर्ट-ओ-प्रिन्स, २८ नोव्हेंबर १९८०. तुम्ही रेडिओ हैती-अँतेरच्या इमारतीत आहात. मालक झाँ दोमिनिक, शिक्षणानं शेतीतज्ज्ञ. त्याची जोडीदार मिशेल माँतास बातम्या सांभाळते. या केंद्राचं धाडस समजायला एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. देशात फ्रेंच मूठभरांना येते, क्रेयोल ही बोली सगळ्यांना, पण कचेरी, कोर्ट, शाळा सगळं फ्रेंचमध्ये. दोमिनिक क्रेयोलमध्ये बातम्या देतो. भातशेतीतला कूळ मायक्रोफोनसमोर येतो, आपली तक्रार आपल्या बोलीत सांगतो आणि ती देशभर ऐकू जाते. द्युव्हालियेच्या हुकूमशाहीला बंदुकीपेक्षा हे सोसवत नाही. आज शिपाई आत घुसतात, यंत्रं फोडतात, पत्रकारांना पकडून नेतात. माँतासला अटक करून देशाबाहेर काढतात. दोमिनिक व्हेनेझुएलाच्या वकिलातीत आसरा घेतो. दोघं न्यूयॉर्कला पोहोचतात.

१९८६ मध्ये द्युव्हालिये पळतो. दोमिनिक परततो तेव्हा विमानतळावर हजारो माणसं लोटतात. पुन्हा लष्करी बंड, पुन्हा परागंदा होणं, पुन्हा परतणं. मग ३ एप्रिल २००० ची सकाळ. या सकाळी तुम्ही जास्त जवळ जाऊ नका. केंद्राच्या आवारात दोमिनिकला गोळ्या घातल्या जातात, केंद्रातला कर्मचारी झाँ-क्लोद लुइसँही मरतो. दोमिनिकची राख आर्तिबोनीत नदीत सोडतात, ज्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांसाठी तो बोलत राहिला. माँतास एकटीनं केंद्र चालवते. २००२ च्या नाताळात तिच्या घरावर हल्ला होतो, अंगरक्षक मारला जातो. २००३ मध्ये ती प्रक्षेपण थांबवते.

टेप मात्र वाचल्या. हजारो टेप माँतासनं नॉर्थ कॅरोलायनाच्या ड्यूक विद्यापीठाकडे सोपवल्या, आणि विद्यापीठानं त्यांवर काम करायला लेलाला बोलावलं. हैती सोडून आलेल्यांची मुलगी हेडफोन लावून बसते आणि तिच्या जन्माच्या आधीचे आवाज ऐकते. त्यातून आधी नाट्य-नृत्य-संगीताचा प्रयोग झाला आणि २०२२ मध्ये ‘ब्रेकिंग द थर्मामीटर’ हा अल्बम आला. गाण्यांच्या मध्ये दोमिनिकचा, माँतासचा खरा आवाज येतो. फोर-दिमांश या हुकूमशाहीच्या तुरुंगाच्या नावाचं एक गाणं आहे. ‘दोदिनिन’ आहे, जे हैतीच्या निर्वासित कलावंतांच्या एका गटानं १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅरेडन कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केलं होतं. बराक ओबामांनी २०२२ च्या आपल्या आवडत्या गाण्यांच्या यादीत ते घेतलं. परक्या शहरात निर्वासितांनी गायलेलं गाणं सत्तेचाळीस वर्षांनी अमेरिकेच्या माजी अध्यक्षांच्या यादीत पोहोचलं, आणि तेही क्रेयोलमध्येच.

हैती म्हटलं की जगाला भूकंप, टोळ्या आणि उपासमार आठवते. अमेरिकेच्या लोकसंगीताचा इतिहास लिहितानाही हैतीला आजवर तळटीपेत जागा मिळत आली. लेला मकॅलाचं मोठेपण मला यात दिसतं की तिनं त्यावर भाषण केलं नाही. बँजो, बोली आणि रेडिओचे आवाज एकत्र आणून हैतीला मूळ मजकुरात बसवलं.

२०२४ मध्ये तिचा ‘सन विदाउट द हीट’ आला. तो तिच्या स्वतःच्या रचनांचा, अधिक मोकळा अल्बम आहे. पण सुरुवात ‘ब्रेकिंग द थर्मामीटर’पासून करा. क्रमानं ऐका, गाण्यांमधलं बोलणं वगळू नका, क्रेयोल कळत नसली तरी. आणि मूळ आवाज ऐकावेसे वाटले तर ड्यूक विद्यापीठानं रेडिओ हैतीचा संग्रह इंटरनेटवर सर्वांसाठी खुला ठेवला आहे.