थायरॉईडची गोळी : कंपनी बदलली तर काय बिघडतं?

"डॉक्टर, मेडिकलवाल्याने या वेळी दुसऱ्या कंपनीची गोळी दिली. पॉवर तीच आहे. चालेल ना?"

थायरॉईडचे रुग्ण हा प्रश्न नेहमी विचारतात. तापाच्या पॅरासिटामॉलबद्दल कोणी असं विचारलं, तर मी लगेच "चालेल" म्हणतो. थायरॉईडच्या गोळीबाबत मात्र मी आधी दोन प्रश्न विचारतो: कधीपासून बदलली आणि शेवटचा टीएसएच कधी केला? एवढ्याशा गोळीसाठी इतकी चौकशी का, हे समजायचं तर या औषधाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहावा लागेल. या इतिहासात एकच झगडा सतत दिसतो, तो म्हणजे रुग्णाच्या पोटात रोज तेवढंच औषध कसं जाईल याचा.

मेंढीच्या ग्रंथीपासून सुरुवात

गळ्यातली थायरॉईड ग्रंथी काम करेनाशी झाली की माणूस सुजतो, सुस्तावतो, त्याला थंडी सोसत नाही, आवाज जाड होतो आणि बुद्धी मंदावते. एकोणिसाव्या शतकात यावर इलाज नव्हता. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क काढून ४६ वर्षांच्या एका बाईंना टोचला. काही महिन्यांत त्या सुधारल्या आणि पुढे २८ वर्षं जगल्या. १९१९ मध्ये त्या वारल्या, तोपर्यंत त्यांच्या औषधासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या होत्या.

औषध लागू पडलं, पण त्याचं माप कसं ठरवायचं? एका मेंढीची ग्रंथी दुसरीसारखी नसते. पुढे वाळवलेल्या ग्रंथीची भुकटी करून गोळ्या निघाल्या आणि त्यांचं प्रमाण आयोडीन मोजून ठरवलं जाऊ लागलं. पण आयोडीन तेवढंच असलं म्हणजे हार्मोनही तेवढंच असतं, असं नाही. त्यामुळे एका बाटलीने बरं वाटायचं, तर दुसरीने छातीत धडधड व्हायची.

१९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांना या हार्मोनचे शुद्ध स्फटिक मिळाले. त्यांनी पुढे जवळपास तीन टन डुकरांच्या ग्रंथींपासून फक्त ३३ ग्रॅम थायरॉक्सिन मिळवलं. आपल्या १०० मायक्रोग्रॅमच्या गोळीच्या हिशेबाने ३३ ग्रॅम म्हणजे ३ लाख ३० हजार गोळ्या! एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. म्हणजे गोळीतलं खरं औषध अगदी थोडंसं असतं. बाकी सगळा भराव, गोळी बांधून ठेवणारे पदार्थ आणि रंग.

१९२७ मध्ये चार्ल्स हॅरिंग्टन आणि जॉर्ज बार्जर यांनी थायरॉक्सिन प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. त्याचं सोडियम क्षार असलेलं रूप, म्हणजे आजची लेव्होथायरॉक्सिनची गोळी, १९५० च्या सुमारास वापरात आली. आता मेंढ्याही नकोत आणि डुकरंही नकोत, मापाचा प्रश्न सुटला असंच सगळ्यांना वाटलं.

मोजायला लागलो तेव्हा फरक दिसला

प्रश्न सुटला नव्हता, तो दिसत नव्हता इतकंच. त्या काळी डोस ठरवायचा तो रुग्णाचा चेहरा, नाडी आणि वजन पाहून. रोज २०० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त डोस सर्रास दिला जाई. मग रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातलं अगदी सूक्ष्म हार्मोन मोजण्याची पद्धत शोधली. त्यासाठी यॅलो यांना १९७७ चं नोबेल मिळालं. त्याच पद्धतीने टीएसएच मोजता येऊ लागला आणि अनेकांचा डोस गरजेपेक्षा बराच जास्त होता, हे कळलं.

आपल्या राज्यात या कामाचं मोठं ठिकाण म्हणजे मुंबईत परळला १९६३ मध्ये सुरू झालेलं अणुऊर्जा खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर. थायरॉईडच्या तपासण्या आणि किरणोत्सारी आयोडीनचे उपचार तिथे होत आले आहेत. पुढे अशा तपासणीची किट नवी मुंबईत वाशीला तयार होऊन देशभर जाऊ लागली. आज उमरगा, कळंब, परांड्यातही सकाळी रक्त दिलं की टीएसएचचा रिपोर्ट मिळतो. डोसमधला २५ मायक्रोग्रॅमचा फरकही या रिपोर्टमध्ये उमटतो.

एकच नाव, वेगळी गोळी

अमेरिकेत ही गोळी जुनी म्हणून अनेक वर्षं रीतसर मंजुरीशिवायच विकली जात होती. १९९७ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने जाहीर केलं की १९९१ पासून कंपन्यांना किमान दहा वेळा माल परत घ्यावा लागला आहे आणि त्यात १० कोटींहून अधिक गोळ्या होत्या. काही गोळ्यांची ताकद मुदतीआधीच कमी होत होती. मग प्रत्येक कंपनीला नव्याने मंजुरी घ्यायला लावली. २००७ मध्ये नियम आणखी कडक झाला. मुदत संपेपर्यंत गोळीत लिहिलेल्या औषधाच्या ९५ ते १०५ टक्केच औषध असायला हवं. आधी ९० ते ११० टक्के चालायचं.

जरा हिशेब करा. १०० च्या एका गोळीत ९० आणि दुसऱ्या कंपनीच्या गोळीत ११० मायक्रोग्रॅम औषध आहे. जुन्या नियमाने दोन्ही पास! पण फरक २० चा. आम्ही डोस वाढवतो किंवा कमी करतो, तोही बऱ्याचदा २५ नेच.

फ्रान्सचं उदाहरण आणखी बोलकं आहे. २०१७ मध्ये तिथल्या लेव्होथायरॉक्सच्या गोळीत औषध तेच ठेवून फक्त भराव बदलला. लॅक्टोजच्या जागी मॅनिटॉल आणि सायट्रिक ॲसिड आलं. गोळी अधिक काळ टिकावी हा हेतू होता. तरी थकवा, चक्कर, केस गळणं अशा हजारो तक्रारी आल्या. गोळीत दोष सापडला नाही, पण सरकारला जुनी गोळी पुन्हा उपलब्ध करून द्यावी लागली.

मग स्वस्त जेनेरिक गोळी वाईट का? अजिबात नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, एका जेनेरिक कंपनीवरून दुसरीवर गेलेल्या रुग्णांच्या टीएसएचमध्ये लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. म्हणजे बहुतेकांना बदल सोसतो. पण आपण त्या बहुतेकांत आहोत की नाही, हे तपासल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांनी जेनेरिक नावानेच औषध लिहावं असा नियम काढला होता. तो त्याच महिन्यात स्थगित झाला. पण त्यातही, थोड्या फरकाने परिणाम बदलणाऱ्या औषधांना सूट ठेवलेली होती. थायरॉक्सिन त्याच जातीचं औषध आहे.

आपल्याकडे गोळी बदलते कशी?

गावातल्या मेडिकलमध्ये माल संपलेला असतो. मुलगा पुण्याहून वेगळीच बाटली आणतो. ऑनलाइन सवलत मिळते. दुकानदाराचा हेतू वाईट नसतो, होलसेलरकडून जे येतं तेच तो देतो. पण वर्षात तीन कंपन्या झाल्या आणि टीएसएच वर-खाली झाला, तर दोष डोसचा, गोळीचा की घेण्याच्या पद्धतीचा, हे आम्हाला ओळखता येत नाही. मग डोस उगाच बदलला जातो.

काहींच्या बाबतीत हे फार जपावं लागतं. गरोदर बाईंच्या पोटातलं बाळ पहिले काही महिने आईच्याच थायरॉक्सिनवर वाढतं. हृदयविकार असलेल्या वयस्कर माणसाला जास्तीच्या औषधाने धडधड आणि अनियमित ठोक्यांचा धोका असतो. थायरॉईड कॅन्सरचे रुग्ण आणि लहान मुलंही याच यादीत येतात.

तुम्ही काय कराल?

१. औषधाचं नाव, कंपनी आणि पॉवर कागदावर लिहून ठेवा किंवा बाटलीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. दुकानात चिठ्ठीसोबत तो दाखवा.

२. गोळ्या संपायच्या आठ-दहा दिवस आधीच सांगून ठेवा. ठरलेलं एकच दुकान असलं की दुकानदारही तुमची कंपनी मागवून ठेवतो.

३. पॉवर नीट वाचा. १२.५ आणि १२५ मध्ये फरक एका टिंबाचा दिसतो, पण डोस दहापट होतो.

४. तुमची कंपनी मिळालीच नाही तर गोळी बंद करू नका. त्याच पॉवरची दुसरी घ्या, डॉक्टरांना कळवा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा. थायरॉक्सिन अंगातून अर्धं कमी व्हायला सुमारे सात दिवस लागतात, म्हणून आठवड्यातच केलेल्या तपासणीचा उपयोग नाही. गरोदर असाल तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टरांना विचारा.

५. कंपनी तीच ठेवून घेण्याची पद्धत रोज बदलली, तर काहीच साधत नाही. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत घ्या आणि चहा अर्ध्या ते एक तासाने. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर ठेवा.

६. हे औषध उष्णता, ओल आणि उजेडाने खराब होतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या घरात काय तापतं ते सांगायला नको. बाटली चुलीजवळ, खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. गोळ्या दुसऱ्या डबीत काढू नका, मूळ बाटलीतच ठेवा आणि झाकण घट्ट लावा.

मरे यांच्या रुग्णाला प्रत्येक वेळी वेगळ्या मेंढीचं औषध मिळत होतं, त्याला इलाज नव्हता. आज तुम्हाला वर्षभर तीच गोळी मिळू शकते. ती महाग आहे की स्वस्त, हे दुय्यम आहे. पुढच्या वेळी मेडिकलमधून निघण्यापूर्वी बाटलीवरचं नाव वाचा, एवढंच.