कामाचे वेळापत्रक : पट्ट्या, जाळे आणि देखावा

दहा-पंधरा जणांनी मिळून एखादे काम करायचे ठरले, की पहिल्याच बैठकीत प्रश्न निघतो : याचे वेळापत्रक कशावर ठेवायचे? फळ्यावर, वहीत की संगणकावर? आज यासाठी इतकी सॉफ्टवेअर मिळतात, की मूळ कामाआधी सॉफ्टवेअर निवडणे हेच एक काम होऊन बसते. प्रत्येकाच्या जाहिरातीत सोयींची लांबलचक यादी असते. त्या यादीत दोन गोष्टी हमखास आढळतात : आडव्या पट्ट्यांचा तक्ता आणि कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे हे दाखवणारे जाळे. संगणकाच्या पडद्यावर येण्यापूर्वी या दोन्ही गोष्टी कागदावर जन्मल्या. त्या कोणत्या अडचणीतून जन्मल्या हे पाहिले, तर निवड करणे पुष्कळ सोपे जाते.

पहिले नाव कारोल आदामिएत्स्की या पोलिश अभियंत्याचे. पोलाद लाटणाऱ्या गिरण्यांमध्ये काम करताना त्याच्या लक्षात आले, की माणसे आळशी नसतानाही वेळ वाया जातो. एका तुकडीचे काम संपेपर्यंत दुसरी तुकडी नुसती थांबून राहते. १८९६ साली त्याने यावर 'हार्मोनोग्राम' नावाचा तक्ता तयार केला. प्रत्येक कामासाठी कागदाची एक पट्टी. तिच्यावर ते काम किती वेळ चालेल आणि त्याआधी कोणती कामे व्हायला हवीत, हे लिहिलेले. पट्ट्या वरखाली सरकवून सगळ्या कामांचा मेळ बसवायचा. पण त्याचे लेखन पोलिश आणि रशियन भाषांत झाले. इंग्रजी वाचणाऱ्या जगाला त्याचा पत्ता फार उशिरा लागला.

जगभर नाव झाले ते अमेरिकन अभियंता हेन्री गँट (१८६१–१९१९) याचे. पहिल्या महायुद्धात दारूगोळा आणि जहाजे यांचे उत्पादन वाढवताना त्याच्या तक्त्यांचा उपयोग झाला. गँटचा भर एका गोष्टीवर होता : ठरलेले काम आणि प्रत्यक्ष झालेले काम एकाच तक्त्यावर शेजारी-शेजारी दिसले पाहिजे. म्हणजे कोण मागे पडले हे एका नजरेत कळते. त्याच्या मृत्यूनंतर, १९२२ मध्ये, वॉलेस क्लार्क याने या तक्त्यावर पुस्तक लिहिले आणि 'गँट चार्ट' हे नाव रूढ झाले.

या तक्त्याला एक मर्यादा होती. पट्टी काम केव्हा चालेल हे सांगते. ते तेव्हाच का चालेल हे सांगत नाही. एक पट्टी चार दिवस उजवीकडे सरकली, तर बाकीच्या कोणत्या पट्ट्या सरकतील? याचे उत्तर तक्त्यात नसे. ते तक्ता करणाऱ्याच्या डोक्यात असे.

ही उणीव १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील द्यू पाँ या रसायन कंपनीला जाणवली. कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवला, की तासागणिक उत्पादन बुडते. घाई करायची म्हणून सगळ्याच कामांवर जादा माणसे लावली, तर खर्च वाढतो आणि वेळ मात्र त्या प्रमाणात वाचत नाही. मग घाई नेमकी कोणत्या कामांची करायची? द्यू पाँचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या संगणक कंपनीचे जेम्स केली यांनी १९५७ च्या सुमारास यावर गणिती रीत बसवली. युनिव्हॅक संगणकावर तिची गणिते केली आणि १९५९ मध्ये ती प्रसिद्ध केली. लुइव्हिल येथील कारखान्यात दुरुस्तीचा सरासरी काळ या रीतीने १२५ तासांवरून ९३ तासांवर आला. या रीतीला 'क्रिटिकल पाथ' पद्धत म्हणतात. आपण त्याला कळीचा मार्ग म्हणू.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचे उदाहरण घेऊन ही कल्पना समजावून घेऊ. प्रतिकृती ठरवणे २ दिवस, सामान आणणे ३, प्रतिकृती बनवणे १०, त्या चालवून पाहणे २. ही कामे एकापाठोपाठच व्हावी लागतात : एकूण १७ दिवस. त्याच वेळी दुसरीकडे पाहुण्यांचा होकार मिळवणे ४ दिवस, पत्रिका छापणे ५, त्या वाटणे ३ : एकूण १२ दिवस. पहिली साखळी लांब, म्हणून तीच कळीचा मार्ग. सामान यायला एक दिवस उशीर झाला, तर प्रदर्शन एक दिवस पुढे जाते. पत्रिकांना मात्र ५ दिवसांची सवड आहे. छापखान्याकडे रोज चार मुले पिटाळून प्रदर्शन लवकर भरणार नाही. तीच मुले प्रतिकृतींच्या कामाला लावली तर कदाचित भरेल.

याच सुमारास अमेरिकेच्या नौदलात 'पर्ट' ही भावंड पद्धत तयार झाली. पाणबुडीतून सोडायच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राचे काम सुरू होते. असे काम पूर्वी कोणी केलेले नसल्यामुळे त्याला किती दिवस लागतील हे कोण सांगणार? म्हणून प्रत्येक कामासाठी तीन अंदाज घेतले जात : सगळे सुरळीत झाले तर, नेहमीसारखे झाले तर आणि सगळेच बिनसले तर. मधल्या अंदाजाला चौपट वजन देऊन सरासरी काढायची. पाहुण्यांच्या होकाराला २, ३ किंवा १० दिवस लागतील असे वाटत असेल, तर २ + १२ + १० = २४, भागिले ६, म्हणजे ४ दिवस.

२० जुलै १९६० रोजी पाण्याखालच्या पाणबुडीतून पोलॅरिस यशस्वीपणे सुटले. यशाचे मोठे श्रेय पर्टला देण्यात आले आणि ही पद्धत ठिकठिकाणी सक्तीची झाली. पुढे हार्वे सापोल्स्की या अभ्यासकाने या प्रकल्पाचा बारकाईने शोध घेतला. १९७२ च्या त्याच्या पुस्तकातला निष्कर्ष वेगळा होता. प्रत्यक्ष तांत्रिक कामात पर्टचा वाटा समजला जातो त्यापेक्षा बराच कमी होता. मात्र संगणकातून निघालेले ते तक्ते पाहून वरिष्ठांची आणि बाहेरच्यांची खात्री पटे, की येथे कारभार चोख आहे. आणि मग ते ढवळाढवळ करत नसत. साधनाचा हाही एक उपयोग झाला! पण तो वेळापत्रकाचा नव्हे, देखाव्याचा.

याच्या अगदी उलट दिशेने गेले ते स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन फाँडाल. बांधकामाच्या छोट्या ठेकेदाराकडे संगणक कुठून असणार? १९६१ मध्ये त्यांनी कळीचा मार्ग संगणकाशिवाय, कागद-पेन्सिलीने काढण्याची रीत सविस्तर मांडली. प्रत्येक काम एका वर्तुळात लिहायचे आणि रेषांनी वर्तुळे जोडायची. आजची बहुतेक सॉफ्टवेअर जाळे याच पद्धतीने मांडतात.

१९८० नंतरच्या दशकात टेबलावरचे संगणक आले. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची पहिली आवृत्ती १९८४ ची. जे गणित करण्यासाठी एके काळी खोलीभर यंत्र लागत असे, ते आता क्षणात होऊ लागले. पण एक गोष्ट यंत्राला तेव्हाही करता येत नव्हती आणि आजही येत नाही. सामान आणायला तीन दिवस लागतील की सहा, हे सामान आणणाऱ्यालाच विचारावे लागते. त्याने संकोचाने 'तीन' सांगितले, तर सॉफ्टवेअर त्या तीनावरच सुबक तक्ता काढून देते.

तेव्हा निवडीपूर्वी आपला प्रश्न कोणता हे ठरवावे. कोण मागे पडले एवढेच पाहायचे असेल, तर पट्ट्यांचा तक्ता पुरतो. तो फळ्यावरही काढता येतो. उशिराचा परिणाम कुठवर जाईल हे पाहायचे असेल, तर जाळे हवे. कामे शेकड्यांनी असतील आणि तारखा रोज बदलत असतील, तर संगणक हवाच. यांतले काहीही घेतले तरी झालेले काम त्यात रोज कोण नोंदवणार, त्याचे नाव आधी ठरलेले असावे. नाही तर तो तक्ता पाहुण्यांना दाखवण्यापुरताच उरतो.

पुढच्या स्नेहसंमेलनाच्या तयारीला विद्यार्थ्यांकडून असे एक जाळे कागदावर काढून घ्यावे. प्रत्येक कामाचे दिवस ते करणाऱ्या मुलांनीच सांगावेत आणि झालेले दिवस लाल पेन्सिलीने शेजारी लिहावेत. दोन्ही आकडे का जुळले नाहीत, यावर एक तास चर्चा सहज होईल.