तळटीप : ‘नील-हरित शैवाल’

* मूळ लेखात हे वनस्पतींत धरले आहे. लेखकाच्या काळी तसेच शिकवत, म्हणून शब्द बदललेला नाही. पावसाळ्यात अंगणातल्या फरशीवर पाय घसरवणारा काळपट-हिरवा बुळबुळीत थर बऱ्याचदा याच जिवांचा असतो. रंग हिरवा, अन्न उन्हावर तयार करणार. पण पेशीत ना केंद्रक, ना हरितलवके. डीएनए कोणत्याही पटलाविना पेशीद्रवात मोकळाच. अशा पेशीला आदिकेंद्रकी म्हणतात, आणि त्या नात्याने हे जीव शेवाळाचे नव्हेत, जिवाणूंचे भाऊबंद. व्हिटाकर यांनी १९६९ साली पाच सृष्टी मांडल्या, त्यांत ते जिवाणूंसह ‘मोनेरा’त बसले. ही मोटही पुढे सुटली. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधला आरएनए ताडून पाहिला, तेव्हा केंद्रक नसलेल्यांतच दोन निराळी घराणी निघाली : जिवाणू आणि आर्किया. २०२० च्या जूनमध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या आर्कियांमुळे, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसले. (शाळेच्या पुस्तकांत मोनेरा अजून आहे, परीक्षेत तेच लिहावे.) — संपा.