अवकाशाची मोजणी

नागपुरात रामदासपेठेच्या पश्चिमेस, अंबाझरीच्या वाटेवर, १९६० साली स्थापन झालेले जे विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालय होते, तेथून १९६५ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्या अकोला जिल्ह्यातील मुरंब्याच्या संगणकतज्ज्ञ विजय भटकरांचे स्मरण मला एका अत्यंत चिकाटीच्या गणिताच्या संदर्भात होते.

शिवाराची मोजणी करून, हद्दी कायम करून, प्रत्येक तुकड्याची दफ्तरात नोंद करावी, तसाच व्यवहार पदार्थातील इलेक्ट्रॉनांचा शोध घेणाऱ्यांनी अवकाशाशी केला. अवकाशात समान अंतरावर बिंदूंची जाळी कल्पून प्रत्येक बिंदूवर इलेक्ट्रॉनाचे वर्णन करणाऱ्या तरंगफलनाचे मूल्य मांडायचे. शेजारच्या सहा बिंदूंच्या मूल्यांच्या बेरजेतून मधल्या मूल्याची सहापट वजा करून बाकीस अंतराच्या वर्गाने भागायचे, म्हणजे गतिज ऊर्जेस लागणारी द्वितीय अवकलजांची बेरीज जवळजवळ हाती येते.

१९२८ मध्ये केंब्रिजच्या डग्लस हार्ट्री यांनी अणू गोलाकार मानल्यामुळे केंद्रापासूनच्या एकाच दिशेवरील बिंदू पुरले, आणि त्यांचे वडील विल्यम हार्ट्री यांनी ही गणिते हाताने सोडवण्यात मुलाला पुढे वर्षानुवर्षे साथ दिली. बाप-लेकांचा हा उद्योग मला विज्ञानेतिहासातील अतिशय हृद्य प्रसंग वाटतो. १९६५ मध्ये कोन आणि शॅम यांनी असंख्य इलेक्ट्रॉनांचा गुंता घनतेच्या आधारे एकेका इलेक्ट्रॉनाच्या समीकरणावर आणला खरा, परंतु स्फटिकास तिन्ही दिशा लागतात, आणि दर दिशेस शंभर बिंदू धरले तरी एकूण दहा लक्ष होतात. एवढा हिशेब एका कारकुनाचा नव्हे, आणि त्या काळच्या एका यंत्रासही जडच. मात्र प्रत्येक बिंदूचा संबंध बव्हंशी शेजाऱ्यांशीच असल्याने जाळीचे तालुके पाडून अनेक गणकांत वाटता येतात, फक्त हद्दीवरील मूल्ये परस्परांस कळवत राहावी लागतात.

असेच कामाची वाटणी करणारे यंत्र पुण्यात निर्माण झाले. अमेरिकेने महासंगणक देण्यात हात आखडता घेतल्यावर १९८८ मध्ये सी-डॅक ही संगणनसंस्था स्थापन झाली, आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये अनेक गणक एकत्र जोडलेला 'परम ८०००' उभा राहिला. १९९४ मध्ये अमेरिकेत चेलिकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी रेणूंसाठी अवकाशातील जाळीची पद्धत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे आणि सहकाऱ्यांनी बिंदूंऐवजी रेणूच कापण्याची, शिंप्याच्या कामावरून नाव घेतलेली रीत मांडली, जिच्यात तुकडे एकमेकांवर थोडे चढवून कापले जातात, कारण अणूला त्याचे शेजारी सोबत नसले तर त्याच्याभोवतीच्या इलेक्ट्रॉनांची घनता बदलते.