कर्जशुल्क-मर्यादा

ग्राहकाला दिलेल्या कर्जावर धनको व्याजाखेरीज जी शुल्के आकारतो, त्यांवर कायद्याने आणि नियामक आदेशांनी घातलेली बंधने. प्रक्रिया शुल्क (प्रोसेसिंग फी), हप्ता चुकल्याबद्दलचा दंड, मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क आणि कागदपत्रांचा खर्च ही त्यांतील नेहमीची शुल्के होत. भारतात या सर्वांना लागू पडणारी एकच आकड्यांतील कमाल मर्यादा नाही. धनको कोण आहे, यावर बंधनाचे स्वरूप ठरते.

परवानाधारक सावकारावरील बंधन सर्वांत कडक आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली राज्य शासन व्याजाचे कमाल दर ठरवून देते. शिवाय व्याजाची वसुली मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, हे दामदुपटीचे जुने तत्त्वही या अधिनियमात कायम आहे. बँका व बँकेतर वित्तीय कंपन्या मात्र या चौकटीबाहेर राहतात. बँकिंग नियमन अधिनियम, 1949 च्या कलम 21अ नुसार केवळ व्याजदर अवाजवी आहे एवढ्या कारणावरून न्यायालयाला बँकेचा कर्जव्यवहार पुन्हा उघडता येत नाही, तर बँकेतर कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये दिला. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर 30 टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा 2008 चा आदेशही त्याच न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. गावच्या सावकाराला आकड्याची वेसण आणि मोठ्या संस्थेला दराची मोकळीक, असे हे काहीसे उफराटे चित्र आहे.

त्यामुळे रिझर्व्ह बँकेचे नियमन शुल्काच्या रकमेपेक्षा त्याच्या रीतीवर अधिक भर देते. दंडाच्या बाबतीत हे ठळकपणे दिसते. पूर्वी हप्ता चुकला की मूळ दरावर ‘दंडव्याज’ चढे आणि अनेकदा ते मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लागे. 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने ही पद्धत बंद केली. आता दंड व्याजदरात न मिळवता स्वतंत्र शुल्क म्हणूनच घ्यावा लागतो, त्यावर व्याज आकारता येत नाही, तो कसुरीच्या प्रमाणात व वाजवी असावा लागतो आणि त्याचा हेतू शिस्त हा असावा, उत्पन्नवाढ नव्हे, असे परिपत्रकात म्हटले आहे. व्यवसायाव्यतिरिक्त अन्य कारणासाठी कर्ज घेणाऱ्या व्यक्तीला तशाच चुकीबद्दल संस्थात्मक ऋणकोपेक्षा जास्त दंड लावता येत नाही. थकलेल्या हप्त्यावरील करारातले नेहमीचे व्याज मात्र चालूच राहते. नव्या कर्जांना हे नियम 1 एप्रिल 2024 पासून लागू झाले. क्रेडिट कार्डे त्यांतून वगळलेली आहेत.

दुसरे बंधन पारदर्शकतेचे आहे. एक लाखाचे कर्ज वर्षभराच्या समान मासिक हप्त्यांनी 12 टक्के दराने मंजूर झाले आणि 2,000 रुपये प्रक्रिया शुल्क आधीच कापले गेले, तर ऋणकोच्या हाती 98,000 रुपये पडतात, पण हप्ता पूर्ण लाखावर बसतो. त्यामुळे खरा वार्षिक खर्च जवळपास 16 टक्क्यांवर जातो. शुल्कांसह काढलेला हा दर वार्षिक टक्केवारी दर (एपीआर) होय. किरकोळ आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी तो ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ या ठरावीक नमुन्याच्या पत्रकात दाखवणे 1 ऑक्टोबर 2024 पासून बंधनकारक आहे. पत्रकात नसलेले शुल्क ऋणकोच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. विमा किंवा कायदेशीर तपासणी यांसारखे त्रयस्थाचे शुल्क धनकोने वसूल केल्यास तेही एपीआरमध्ये धरावे लागते. आगाऊ हप्ता कापून घेऊन व्याज मात्र पूर्ण रकमेवर मोजण्याच्या प्रथेवर रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2024 मध्ये बोट ठेवले.

मुदतपूर्व परतफेडीच्या शुल्काला मात्र काही कर्जांच्या बाबतीत थेट मनाई आहे. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जांवर हे शुल्क घेण्यास बँकांना 2012 मध्ये बंदी झाली. पुढे 2014 मध्ये ती व्यक्तींच्या अशा सर्व मुदत कर्जांपर्यंत वाढवण्यात आली. 1 जानेवारी 2026 पासून मंजूर वा नूतनीकृत होणाऱ्या, व्यवसायेतर कारणासाठी व्यक्तींना दिलेल्या बदलत्या दराच्या कर्जांना, परतफेडीचा पैसा कोठूनही आला तरी, हीच मनाई लागू आहे. स्थिर दराच्या कर्जांवर हे शुल्क घेण्याची मुभा कायम आहे, परंतु ते आधी जाहीर केलेले असले पाहिजे.